नावामागे नको, खात्यामागे जा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सूनबाईंच्या कॅनडातल्या विनिपेगच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की त्यांचा एक पूर्वज स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरून हडसन बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीत आला, फरच्या व्यापारात मोठा अधिकारी झाला आणि रेड रिव्हरकाठच्या, म्हणजे आजच्या विनिपेगच्या जागच्या, वसाहतीत स्थायिक झाला. आडनाव फ्लेट, पहिलं नाव विल्यम किंवा जेम्स. आता तिला आपल्या लेकासाठी हा माणूस कागदोपत्री शोधून काढायचाय. फार चांगलं मनात घेतलंय तिने. जगात फार थोड्या ठिकाणी साध्या मजुराचं आयुष्य वर्षावर्षाच्या हिशेबाने जपलं गेलंय, आणि या कंपनीच्या दप्तरात ते आहे. म्हणून जरा पाल्हाळ लावतो. हे पत्र तिला वाचून दाखव.

पहिली गोष्ट म्हणजे नावाच्या मागे लागू नका. ऑर्कनीत फ्लेट, लिंकलेटर, इस्बिस्टर, स्पेन्स ही आडनावं सरसकट सापडतात, आणि पहिली नावं म्हणजे विल्यम, जेम्स, जॉन यांचीच आलटापालट. १८व्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या नोकरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऑर्कनीचे होते, कारण लंडनहून निघालेली जहाजं शेवटचं पाणी आणि शेवटची माणसं स्ट्रॉमनेस बंदरातून उचलत. तेव्हा एकाच वेळी एकाच नावाचे तीन-चार जण नोकरीत असणं ही रोजची गोष्ट होती. कारकून मंडळी स्पेलिंगही कानाला येईल तसं लिहीत. पण पगाराच्या खात्यात अशी ढिलाई चालत नसे. विल्यमचे पैसे दुसऱ्या विल्यमच्या नावावर चढले तर दोघेही भांडायला येणार! म्हणून माणूस ओळखायचा तो चार खुणांनी: मूळ पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावांचा विभाग), हुद्दा, ठाणं (कंपनीची व्यापारी चौकी) आणि वार्षिक पगार. या चारही जुळल्या तर तोच माणूस. नुसतं नाव जुळलं तर काहीच जुळलं नाही असं समजा.

सुरुवात मात्र कंपनीपासून करू नका. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात मूळपुरुषापासून खाली उतरत येतात. इथे बरोबर उलट, आजच्या माणसापासून एकेक पायरी मागे जायचं. आजोबांचा मृत्यूचा दाखला, पणजोबांचं लग्न, मग १९०१ ची कॅनडाची जनगणना. या जनगणनेत नुसतं वय नाही, तर जन्मतारीख, जन्मस्थळ आणि 'वंश'ही विचारला होता. मिश्र वंशाच्या माणसापुढे तेव्हाच्या भाषेत 'ब्रीड' असं लिहीत: स्कॉच रक्त असेल तर एस.बी., फ्रेंच असेल तर एफ.बी., आणि त्याआधी क्री वगैरे जमातीचं नाव. आज तो शब्द कुणी वापरत नाही आणि वापरू नये, पण त्या दोन अक्षरांवरून पुढचा शोध कुठल्या दप्तरात करायचा ते ठरतं.

त्याच्या मागची पायरी म्हणजे स्क्रिपचे, म्हणजे जमीन घेण्याच्या सरकारी हक्कपत्राचे, अर्ज. १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने मेटी, म्हणजे युरोपीय आणि मूलनिवासी अशा मिश्र कुटुंबांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवली. पुढे कुटुंबप्रमुखांना १६० डॉलरचं स्क्रिप देण्यात आलं आणि १८८५ पासून पश्चिमेकडच्या प्रदेशांतही अर्ज घेतले गेले. या व्यवहारात मेटी लोकांची फार फसवणूक झाली. दलालांनी कवडीमोलाने स्क्रिपं लाटली. पण अर्जासोबतच्या शपथपत्रात अर्जदार कुठे, कधी जन्मला, आईबाप कोण, नवरा-बायको कोण, मुलं किती, हे सगळं लिहावं लागे. अनेक घरांत आजीचं नाव पहिल्यांदा कागदावर येतं ते इथेच. हे अर्ज ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहेत, आरजी १५ या गटात, आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. शपथपत्रात 'वडील विल्यम फ्लेट, जन्म ऑर्कनी' असं मिळालं की मग कंपनीच्या दाराशी जा.

ते दार सूनबाईंच्या माहेरच्याच गावात आहे. हडसन बे कंपनीचं दप्तर १९७४ साली लंडनहून विनिपेगला आलं आणि १९९४ साली कंपनीने ते मॅनिटोबाच्या अभिलेखागाराला कायमचं देऊन टाकलं. २००७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. २०२५ मध्ये कंपनीची सगळी दुकानं बंद पडल्यावर अनेकांना वाटलं की कागदपत्रंही गेली. तसं नाही. दप्तर प्रांताच्या मालकीचं आहे आणि जागच्या जागी आहे.

तिथल्या अभिलेखपालांनी हजारो नोकरांची चरित्रपत्रकं करून ठेवली आहेत. बायोग्राफिकल शीट्स म्हणतात त्यांना. आडनावाच्या वर्णक्रमाने पीडीएफच्या रूपात मिळतात. एकाच नावाची माणसं असतील तर नावापुढे ए, बी, सी लावलेलं असतं. सूनबाईंनी आपला माणूस ठरवण्याआधी सगळेच विल्यम आणि जेम्स फ्लेट उतरवून घ्यावेत आणि शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पत्रकाच्या माथ्यावर नाव, पॅरिश आणि नोकरीला लागल्याचं साल. खाली तक्ता: वर्ष, हुद्दा, ठाणं, जिल्हा, आणि उजवीकडे शेवटच्या रकान्यात मूळ कागदाचा क्रमांक. लोक डावीकडचं वाचून खूश होतात. खरा ऐवज उजव्या रकान्यात आहे. पत्रक म्हणजे कुणीतरी केलेला गोषवारा. त्या क्रमांकाचा मूळ कागद उघडून पाहिल्याशिवाय ते पुरावा होत नाही. शिवाय सगळ्यांची पत्रकं नाहीत. पत्रक नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही.

वर्षाचा रकाना वाचताना एक खाचखळगा आहे. तिथे 'आउटफिट' असं वर्ष असतं, आणि ते १ जूनपासून पुढच्या ३१ मे पर्यंत चालतं. आउटफिट १८३५ म्हणजे १ जून १८३५ ते ३१ मे १८३६. जानेवारी १८३६ मध्ये रेड रिव्हरला पोराचा बाप्तिस्मा झाला आणि बाप कुठे होता ते पाहायचंय, तर १८३५ चं आउटफिट बघायचं, १८३६ चं नाही. हे न कळल्यामुळे 'बाप त्या वर्षी दुसऱ्याच ठाण्यावर होता, म्हणजे हा तो नव्हे' म्हणून योग्य माणूस सोडून दिला जातो.

आता मूळ कागद. दप्तराचे विभाग अक्षरांनी पाडलेत. ए म्हणजे लंडनच्या मुख्यालयाचे कागद, बी म्हणजे ठाण्यांचे, सी जहाजांचे, डी गव्हर्नरांचे, ई मध्ये रेड रिव्हर वसाहतीचे आणि किरकोळ, एफ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनी या प्रतिस्पर्ध्यासारख्या इतरांचे. आपल्या कामाचे नेमके गठ्ठे असे: ए.३२ मध्ये नोकरांचे करारनामे, ए.३० मध्ये नोकरांच्या याद्या, ए.१६ मध्ये अधिकारी आणि नोकरांच्या खतावण्या, ए.३६ मध्ये मृत्युपत्रं. १८२१ नंतरची वार्षिक खाती बी विभागात 'जी' या अक्षराखाली आहेत: नॉर्दर्न डिपार्टमेंटची यॉर्क फॅक्टरीच्या बी.२३९/जी मध्ये, सदर्नची मूस फॅक्टरीच्या बी.१३५/जी मध्ये, कोलंबियाची आधी फोर्ट व्हँकुव्हरच्या बी.२२३/जी आणि मग व्हिक्टोरियाच्या बी.२२६/जी मध्ये. यॉर्क फॅक्टरीला फॅक्टरी म्हणत असले तरी तिथे कारखाना नव्हता. तो हडसन उपसागराच्या काठचा मुख्य वखारीचा तळ. मायक्रोफिल्मच्या रिळांचा मोठा भाग स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलाय, तेव्हा बरंचसं काम पुण्यात बसूनही होईल. गठ्ठ्यांचा शोध 'कीस्टोन' नावाच्या त्यांच्या सूचीतून घ्यायचा.

करारनामा हातात आला तर घाई न करता वाचा. १९व्या शतकातला करार हा छापील फॉर्म असतो, मोकळ्या जागा शाईने भरलेल्या. त्यात नाव, पॅरिश, परगणा, कुठल्या हुद्द्यावर, किती वर्षांसाठी (बहुधा ५) आणि वर्षाला किती पौंड. १८व्या शतकात मजूर ६ पौंडांवर लागत. १८३०-४० च्या सुमारास साधारण १७ पौंड. खाली सही, नाहीतर फुलीचं चिन्ह आणि बाजूला साक्षीदार. या सहीला मी फार किंमत देतो. नंतर रेड रिव्हरच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीवर तीच सही दिसली, तर दोन विल्यमांमधला वाद तिथेच मिटतो. एकीकडे फुली आणि दुसरीकडे सराईत सही असेल तर सावध व्हायचं.

करारातलं एक कलम लक्षात ठेवायला हवं. मुदत संपण्याआधी किमान एक वर्ष सूचना दिली नाही, तर माणसाला आणखी एक वर्ष राहावं लागे. कारण सरळ आहे. जहाज वर्षातून एकदाच. जूनच्या सुमारास स्ट्रॉमनेसहून निघायचं, हडसन सामुद्रधुनीतल्या बर्फातून वाट काढत ऑगस्टमध्ये यॉर्क फॅक्टरी, माल उतरवून फर चढवून सप्टेंबरात परत. आतल्या प्रदेशातल्या एडमंटनहून निघालेल्या माणसाला तिथवर पोचायलाच नदीवरचे आठवडे लागत. म्हणून ५ वर्षांच्या करारावर ६ वर्षांची नोकरी दिसली तर नवा करार शोधत बसू नका.

खात्याच्या पानावर एका बाजूला पगार जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. खर्चात कंपनीच्या दुकानातून घेतलेलं सामान: तंबाखू, चहा, साखर, ब्लँकेट, कापड. रकाने पौंड, शिलिंग, पेन्स यांचे. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, तेव्हा बेरीज जुळत नसेल तर आधी हे तपासा. या पानावर माणूस दिसायला लागतो. वर्षानुवर्षं फक्त स्वतःपुरती तंबाखू आणि सदरे घेणारा एकाएकी बायकी कापड, सुया, दोरा, मणी घेऊ लागला, तर घरात बाईमाणूस आलं असावं. चर्चच्या नोंदीत ते लग्न अनेक वर्षांनी येईल, पण खात्यात आधी येतं. तसंच दरवर्षी ठरावीक रक्कम ऑर्कनीत कुणाला पाठवली जाते का ते पाहा. पैसे घेणाऱ्या बाईचं नाव म्हणजे आई किंवा बहीण असण्याची शक्यता दाट, आणि मग ऑर्कनीतलं घर सापडतं. अर्थात खात्यावरून केलेला अंदाज हा अंदाजच. चर्चच्या नाहीतर स्क्रिपच्या कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत तो पेन्सिलीने लिहायचा.

खातं कसं बंद झालं हेही बघा. 'होम' आणि जहाजाचं नाव असेल तर मायदेशी गेला. मृत्यू असेल तर शिल्लक वारसांना गेली असणार, मग ए.३६ आणि लंडनच्या पत्रव्यवहारात वारसांची नावं मिळतात. आणि शिल्लक देऊन खातं मिटवलं पण जहाजाचं नाव नाही, तर तो तिथेच राहिला: रेड रिव्हरला गेला, किंवा 'फ्रीमन' म्हणजे करारमुक्त होऊन शिकार-मासेमारीवर जगू लागला. १८२१ साली हडसन बे आणि नॉर्थ वेस्ट या दोन कंपन्या एक झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं कमी केली गेली. रेड रिव्हरची वस्ती वाढली ती बऱ्याच अंशी या कमी केलेल्या, बायकामुलांच्या माणसांनी. सूनबाईंचा पूर्वज त्या काळातला असेल तर १८२१ ते १८२६ ही सगळी वर्षं एकेक करून पाहा.

पॅरिशच्या रकान्यात कधी ऑर्कनीच्या ऑरफर, हॅरे, बर्सी, स्टेनेस यांच्याऐवजी 'नेटिव्ह', 'हडसन बे' किंवा 'रेड रिव्हर' लिहिलेलं असतं. ही चूक नाही. तो तिथेच जन्मलेला नोकर. बापाचं नाव मुलाला ठेवायची पद्धत होती, म्हणून बाप विल्यम ऑर्कनीचा आणि मुलगा विल्यम 'नेटिव्ह', दोघेही नोकरीत, असं सर्रास होतं. घराण्यातली दंतकथा अशा दोघांना एक करून टाकते आणि मग एकाच माणसाची ५० वर्षांची नोकरी तयार होते.

'मोठा अधिकारी' याबद्दल स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड नको. १८२१ च्या करारपत्राने वरचे हुद्दे मोजून ठेवले: २५ चीफ फॅक्टर आणि २८ चीफ ट्रेडर. नफ्याचा ४० टक्के वाटा ८५ भागांत विभागला. फॅक्टरला २ भाग, ट्रेडरला १, उरलेले ७ निवृत्तांसाठी. ही माणसं इतकी थोडी आणि इतकी नोंदलेली आहेत की पूर्वज त्यांच्यात असेल तर तासाभरात सापडेल. गव्हर्नर जॉर्ज सिम्पसनने १८३२ साली आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांबद्दल खासगी वहीत फार तिखट शेरे लिहून ठेवलेत, ती ए.३४/२ मध्ये आहे, तीही पाहावी. बाकीचे बहुतेक सारे मजूर, नावाडी, सुतार, लोहार, पिंपं करणारे, दुभाषे. साउथ रोनाल्डसे बेटावरचा विल्यम टॉमिसन १७६० मध्ये मजूर म्हणून आला आणि आतल्या प्रदेशाचा प्रमुख झाला, पण ते अपवाद. मला स्वतःला यॉर्क बोटीचा (कंपनीच्या वल्ह्यांच्या मालवाहू होडीचा) स्टिअर्समन, म्हणजे सुकाणू धरणारा, असणं कमी वाटत नाही. प्रत्येकी ९० पौंड वजनाचे गठ्ठे भरलेली बोट खळाळत्या उतारांच्या प्रवाहातून खाली न्यायची म्हणजे सगळ्यांचा जीव त्या एका माणसाच्या हातात असायचा. हुद्दा मिडलमन (मधला वल्हेकरी), मग बोमन (पुढच्या टोकाचा), मग स्टिअर्समन असा चढत गेलेला दिसला तर तो कर्तबगार माणूस होता हे नातवाला अभिमानाने सांगा.

ठाण्यांच्या रोजनिशा, म्हणजे बी विभागातल्या 'ए' मालिका, सगळ्यांना आधी वाचायच्या असतात. त्या शेवटी वाचा. रोज वारा, थंडी, आणि मग 'दोन माणसं लाकूडतोडीला, बाकीचे नेहमीच्या कामावर'. नाव क्वचित, तेही नुसतं आडनाव. ठाणं आणि वर्ष ठरल्यावर मात्र त्यांना तोड नाही: बोटी निघतात-येतात ते दिवस, अपघात, आजारपण, भांडणं या जागी नावं येतात. काही वर्षांचे कागदच नसतात, त्याचीही कारणं असतात. ऑगस्ट १७८२ मध्ये फ्रेंच नौदलाच्या ला पेरूझने प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट आणि यॉर्क फॅक्टरी दोन्ही काबीज केली आणि माणसं कैद करून नेली. तिथे खंड दिसला तर माणूस नोकरी सोडून गेला असं धरू नका.

एवढं करूनही सापडला नाही तर दोन शक्यता पाहा. एक, तो कायम नोकर नसून 'ट्रिपमन' असेल. रेड रिव्हरची माणसं फक्त उन्हाळ्यापुरती बोटींच्या तांड्यावर लागत. पोर्टाज ला लोश या दोन जलमार्गांमधल्या पायवाटेवर तर जवळजवळ १९ किलोमीटर माल पाठीवरून वाहावा लागे. घरात 'कंपनीत होता' एवढंच राहतं, पण वार्षिक नोकरांच्या यादीत तो नसतो. दुसरी शक्यता अशी की तो नॉर्थ वेस्ट कंपनीचा. तिचे नावाडी बहुतेक क्वेबेकचे फ्रेंच, आणि त्यांचे करार माँट्रियल भागातल्या नोटरींपुढे झालेले. १७१४ ते १८३० मधल्या अशा ३५,००० हून जास्त करारांची सूची सेंट बोनिफेसच्या फ्रेंच वारसा केंद्राने केली आहे, तीही विनिपेगमध्येच. फ्लेटांच्या बाबतीत याची गरज कमी, पण खापरपणजी फ्रेंच मेटी निघाली तर लागेल. तिथे 'दित' नावं सांभाळा: एका कुटुंबाला दोन आडनावं, कधी हे तर कधी ते.

आणि नावच खोटं असेल तर? इझाबेल गन ही ऑर्कनीची बाई १८०६ मध्ये पुरुषवेषात जॉन फबिस्टर या नावाने कंपनीत मजूर म्हणून लागली. २९ डिसेंबर १८०७ ला पेंबिना येथे ती बाळंत झाली तेव्हा उलगडा झाला. तिच्या खऱ्या नावाने शोधलं तर सुरुवातीची नोकरी दिसतच नाही.

आता बायकांबद्दल, कारण सूनबाईंना पुरुषाइतकीच ती क्री आजी हवी असणार. व्यापाऱ्यांची मूलनिवासी बायकांशी लग्नं तिथल्या रिवाजाने होत. पाद्री नव्हता, नोंद नव्हती. क्वेबेकच्या न्यायालयाने १८६७ मध्ये कोनोली-वूलरिच खटल्यात असं एक लग्न कायदेशीर ठरवलं. १८१८ मध्ये सेंट बोनिफेसला कॅथलिक आणि १८२० मध्ये रेड रिव्हरला अँग्लिकन पाद्री आले, तिथून नोंदी सुरू होतात. कंपनीच्या दप्तरात त्या ई.४ मध्ये. एकाच दिवशी आईबापाचं लग्न आणि चार मुलांचे बाप्तिस्मे असं पान दिसलं तर दचकू नका. पाद्री आल्यावर सगळं एकदम उरकलं. बाईच्या रकान्यात बहुधा बाप्तिस्म्याचं इंग्रजी नाव, नाहीतर नुसतं 'इंडियन बाई'. वसाहतीच्या ई.५ मधल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, धर्म आणि देश. बाकी सगळं मोजणीत: मुलगे, मुली, घोडे, बैल, नांगर, गाड्या, होड्या, लागवडीचे एकर. तरी ती वर्षावर्षाने ताडून पाहा. मुलींचा आकडा एकाने घटला त्या वर्षी लग्नाची नोंद शोधायची.

स्कॉटलंडकडचं टोक सर्वांत शेवटी. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर जुन्या पॅरिशच्या नोंदवह्या आहेत, पानागणिक पैसे पडतात. कर्कवॉलच्या ऑर्कनी ग्रंथालय-अभिलेखागारालाही लिहिता येईल. कंपनीच्या वहीतली पॅरिश ही करार झाला तेव्हाच्या राहण्याची असू शकते, जन्माची असेलच असं नाही. शेजारच्या दोन पॅरिशही पाहा.

सूनबाईंना एक तक्ता करायला सांग: आउटफिट, हुद्दा, ठाणं, पगार, शिल्लक, मूळ कागदाचा क्रमांक. प्रत्येक कागदाचा फोटो, आणि फाइलच्या नावातच तो क्रमांक. अभिलेखागाराला ईमेल करताना 'माझ्या पूर्वजाची माहिती द्या' असं लिहू नये. नाव, पॅरिश, अंदाजे वर्षं आणि आतापर्यंत कुठले गठ्ठे पाहिले एवढं दिलं की नेमकं उत्तर येतं. फ्लेटांची चरित्रपत्रकं आणि स्क्रिपचं शपथपत्र मिळालं की दोन्ही मला पाठव, अक्षर लागत नसेल तर मी वाचून देईन.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा मित्र